संवादलेखन आणि ‘असले खेळ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सप्रेम नमस्कार.

मुलांना संवादलेखन कसे शिकवावे यावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया शांतपणे वाचली आणि उत्तरही शांतपणेच देण्याचा प्रयत्न करतो आहे. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. लोकलमध्ये, जिन्यात किंवा घरात कानावर पडलेले बोलणे वहीत उतरवून आणायला मी मुलांना सांगतो. त्यामुळे वह्या अशुद्ध मराठीने भरतात आणि चोरून ऐकण्याचा संस्कार होतो तो वेगळाच, असे आपले मत आहे. मुंबईतल्या वर्गांत अनेक मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, म्हणून त्यांच्यापुढे आधी नाटककार राम गणेश गडकऱ्यांसारख्यांचे उत्तम नमुने ठेवावेत, साठ मुलांच्या वर्गात हा उपक्रम पेलणार नाही आणि परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत, हेही आपण नोंदवले आहे. आणि या सगळ्यानंतर शेवटचे वाक्य येते: ‘असले खेळ खेळायला वेळ मिळणाऱ्या शिक्षकांचा हेवा वाटतो.’

मतभेदाचे मला वावडे नाही. पण एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला जाहीरपणे लिहिताना मुद्दे संपल्यावर जाता जाता चिमटा काढावा, हे मला रुचले नाही. हेवा वाटावा असा वेळ माझ्याकडे नेमका किती आहे, ते आता सांगावेच लागेल.

मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत मराठी शिकवतो. माझी मुले दिवसभर कुठे कुरिअरची पाकिटे वाटतात, कुठे कॅन्टीनमध्ये ताटे विसळतात, कुठे दुकानाच्या काउंटरमागे उभी असतात, आणि संध्याकाळी गाडी वेळेवर मिळाली तर पहिल्या तासाला पोहोचतात. पुष्कळदा पहिला तास निम्मा संपेपर्यंत वर्गही निम्माच असतो. तास छोटे, मुले दमलेली, आणि अभ्यासक्रम तोच, जो आपल्या दिवसाच्या शाळेत आहे. ‘असले खेळ’ मी उरलेल्या वेळेत खेळत नाही, कारण उरलेला वेळ नावाची गोष्ट तिथे नाही. ऐकणे आणि टिपणे हे मुलांच्या येण्याजाण्यात होते, आणि वर्गात आम्ही फक्त खोडतो. कमीत कमी वेळात होणारी दुसरी कोणती पद्धत आपल्याला माहीत असेल, तर प्रतिक्रियेत तिच्याविषयी चार ओळी लिहिता आल्या असत्या.

हा सगळा खटाटोप मी का करतो, तेही सांगतो. शाळेच्या वहीतला नेहमीचा संवाद आपण माझ्याइतकाच तपासला असेल. ‘झाडांचे महत्त्व या विषयावर दोन मित्रांमधील संवाद लिहा’ असा प्रश्न असतो. मग अमित म्हणतो, ‘झाडे आपल्याला प्राणवायू देतात’, सुमित म्हणतो, ‘हो, आणि झाडांमुळे जमिनीची धूपही थांबते’, आणि दोघेही शेवटी एकेक झाड लावायचे ठरवून घरी जातात. हा निबंध आहे. तो दोन तोंडांना वाटून दिला आहे, इतकेच. माझी कसोटी साधी आहे. पट्टीने डावीकडची नावे झाकावीत आणि कोणते वाक्य कोणाचे ते ओळखून दाखवावे. ओळखता आले नाही, तर तिथे दोन माणसे नाहीतच, आणि जिथे दोन माणसे नाहीत तिथे व्याकरण कितीही चोख असले तरी संवाद नाही.

मागे एकदा वर्गाला प्रसंग दिला होता: मुलाला परीक्षेच्या फीसाठी वडिलांकडे पैसे मागायचे आहेत. कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या एका मुलाचा पहिला खर्डा असा होता: ‘बाबा, मला परीक्षेच्या फीसाठी पैशांची आवश्यकता आहे.’ ‘बाळा, सध्या आपली आर्थिक परिस्थिती बिकट आहे.’ ‘परंतु बाबा, जीवनात शिक्षणाचे महत्त्व फार मोठे आहे.’ आपल्या निकषाने हे निर्दोष लेखन आहे. मी त्याला दोनच अटी घातल्या. पैसे, फी आणि परीक्षा हे शब्द वापरायचे नाहीत, आणि बोलताना वडिलांचे हात कशात तरी गुंतलेले असले पाहिजेत. दुसरा खर्डा त्याच्या परवानगीने इथे देतो.

‘बाबा, झोपला नाहीत?’
‘पंखा आवाज करतोय.’
‘राहू दे. उद्या बघतो मी.’
‘उद्या तू कामावर. कधी बघणार?’
‘शाळेत सांगितलंय. शनिवारपर्यंत.’
‘मग शनिवारी बघ पंखा.’

बापाला कळले आहे. आपल्या बापाला कळले आहे, हे पोराला कळले आहे. आणि बापाने शनिवार उचलून पंख्याला लावला आहे, कारण ‘नाही’ म्हणायची त्याची तयारी नाही आणि ‘हो’ म्हणायची ऐपत नाही. हे त्या मुलाला मी शिकवलेले नाही. त्याच्या घरातले बोलणे तो रोज ऐकत होताच. मी एवढेच दाखवले की जे हवे आहे ते न बोलताही वाक्य लिहिता येते, आणि बहुतेक वेळा तेच वाक्य चांगले असते. नावे झाकून वाचा. बाप कोण आणि मुलगा कोण, हे विचारावे लागत नाही.

यावर आपण म्हणाल की अशी मुले उपजतच हुशार असतात. तसे नाही, आणि हे मी स्वतःवरून सांगतो. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि माझे वडील गिरणीत होते. पुढचे कित्येक महिने आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पैशांविषयी कोणी चकार शब्द काढत नसे, आणि तरी दिवसभर दुसऱ्या कशाविषयीच बोलणे होत नसे. दूध किती घ्यायचे, गावी कोण जाणार, आत्याच्या पत्राला उत्तर लिहिले का, या सगळ्या वाक्यांच्या तळाशी तीच एक गोष्ट होती. त्याच वर्षी शाळेत मी संवादलेखनात चांगले गुण मिळवले. विषय बचतीचे महत्त्व असा काहीतरी होता आणि माझी दोन्ही पात्रे अमित-सुमितसारखीच बोलत होती. घरात ऐकू येणारे आणि वहीत लिहायचे यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकतो, हे मला कोणी सांगितले नाही. ते कळले पुढे महाविद्यालयात असताना, दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके पाहताना. तिथे नट आणि प्रेक्षक यांच्यात जेमतेम हातभर अंतर असायचे, आणि अर्धवट सोडलेले वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा जास्त ऐकू यायचे. एवढी वर्षे उशिरा जे मला मिळाले ते माझ्या मुलांना आठवी-नववीत मिळावे, यासाठी मी जो वेळ देतो त्याला आपण खेळ म्हणता. म्हणा.

आता अशुद्धतेविषयी. आपण स्वतः भाषेचे शिक्षक आहात, म्हणून स्मरण करून देतो की मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखननियम राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि ज्यांत १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली, त्यांतच पात्रांच्या तोंडचे बोलणे लिहिताना ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपे वापरण्याची मुभा आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि बोलणे बोलण्याच्या भाषेत, हा भेद माझी मुले नीट पाळतात. वहीत आलेल्या प्रत्येक ‘सांगितलंय’वर लाल शाई फिरवण्याआधी ते नियम एकदा काढून पाहावेत, एवढी विनंती.

गडकऱ्यांचे आपण नाव घेतले. गडकरी १९१९ मध्ये गेले; अनुप्रासांनी लगडलेली त्यांची लांबलचक वाक्ये त्या काळच्या रंगभूमीवर आणि कसलेल्या नटांच्या तोंडी शोभून दिसली. आठवीतल्या मुलाने तोच थाट उचलला, तर फी मागणारा मुलगा थेट स्वगत म्हणू लागतो. आणि नमुनेच द्यायचे, तर नाटककार विजय तेंडुलकर का नकोत? त्यांची माणसे वाक्य मध्येच सोडून देतात, एकमेकांना तोडतात, गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यालाही टिंबांनी जागा दिलेली असते. ते प्रमाण भाषेच्या आपल्या चौकटीत कुठे बसवायचे, ते आपणच ठरवा.

चोरून ऐकण्याविषयीचा आपला आक्षेप मात्र मी अंशतः मान्य करतो. पाचवी-सहावीच्या मुलांना अनोळखी माणसांच्या बोलण्याला कान लावायला सांगू नये. त्यांना घर, जिना आणि शाळेबाहेरचा वडापाववाला पुरे आहे. मोठ्या मुलांनीही जसेच्या तसे लिहू नये, नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलावेत. हे पथ्य मी पाळतो आणि आपणही सुचवलेत, याचा आनंद आहे.

राहिले बाकीचे मुद्दे. ज्यांच्या घरी मराठी नाही अशी मुले माझ्याही वर्गात आहेत. भोजपुरी बोलणाऱ्या आईचे बोलणे मराठीत आणताना ती जेवढी शब्दांशी झगडतात, तेवढी धडा उतरवून काढताना झगडत नाहीत, आणि यावर मला अधिक काही म्हणायचे नाही. साठ मुलांच्या वर्गाचे म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्येच सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले आहे. आपल्या वर्गात साठ बसत असतील तर ती तक्रार योग्य ठिकाणी करावी, ते ठिकाण माझा लेख नव्हे.

गुणांविषयी आपण काळजी करू नये. परीक्षा जवळ आली की अमित-सुमितचे झाड मीही लावून घेतो, मुले ते दोन तासांत शिकतात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात. मूळ लेखात त्याविषयी काही लिहिले नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काही नव्हते.