खाडीवर भरणाऱ्या वर्गाबद्दल खुलासा

कोकणातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणं बंद झालंय, गुरुजी पोरांना खाडीवर फिरवतात, हे नियमात बसत नाही, दाखले काढा.

नियमात बसतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २९ उघडून बघा. मुलांनी कृतीतून, स्वतः शोध घेत शिकावं, असं तिथे स्पष्ट आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना आहेत. अभ्यासक्रम वेळेत पुरा करण्याचं बंधन शिक्षकावर राहतंच. ते त्याच कायद्याचं कलम २४.

आणि खाडीवर शिकण्यासारखं काय असतं? भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. आजची वेळ वहीत लिहायची, परवाची गणिताने काढायची, मग जाऊन पडताळायची. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास का, अष्टमीला भांग (म्हणजे पाण्याचा कमी चढउतार) का, हे विचारत गेलं की चंद्र-सूर्याच्या ओढीपर्यंत पोचता येतं. (एखादा म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हे गुरुजींपेक्षा रंगवून सांगेल, ते वेगळं.)

शंका असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.