आमेनच्या ढिगाखाली

परवा रात्री अडीच वाजता मी प्रार्थना करत होते, म्हणजे मला तसं वाटत होतं, खरं तर देवाला सूचना देणं चालू होतं. प्रभू, रिपोर्ट नॉर्मल येऊ दे, थायरॉईड निघालंच तर गोळीवर भागू दे, आणि त्या लॅबवाल्या पोराने माझं रक्त दुसऱ्याच कुणाच्या नावावर चिकटवलेलं नसू दे (सुई टोचताना जांभई देत होता, तू पाहिलंसच).

झालं काय होतं तर महिनाभर नुसता थकवा. डॉक्टर म्हणाल्या रूटीन आहे, रक्त तपासून घेऊ. घरी येऊन गूगल केलं आणि तिसऱ्या लिंकपर्यंत माझ्या अंत्यविधीची गीतं ठरलीसुद्धा!

संध्याकाळी चर्चच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं, प्लीज प्रार्थना करा. मग काय, आमेन, आमेन, जोडलेले हात, आमेन, कबुतर. एका मावशींनी बायबलमधलं वचन पाठवलं, फिलिप्पैकर 4:6, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. आता प्रेषित पौलाने हे कैदेत बसून लिहिलंय म्हटल्यावर आपण काय बोलणार, पण त्याच्याकडे गूगल नव्हतं एवढं नम्रपणे नोंदवते.

शेजारी नवरा घोरत होता. होडीत पाणी शिरतंय आणि येशू उशीवर डोकं टेकून झोपलाय, ती गोष्ट आठवली आणि पहिल्यांदाच मला शिष्यांची बाजू पटली. मीपण तेच केलं, गदागदा हलवलं, "अहो, आपण बुडतोय, तुम्हाला काही काळजी आहे की नाही?" येशूने उठून वादळ शांत केलं होतं. आमच्या ह्यांनी कूस बदलली आणि म्हणाले, "लाईट बंद कर."

सकाळी तेच चष्मा लावून माझा फोन चाळत बसले. "अगं, हे तर काल पावणेआठलाच आलंय."

आमेनच्या ढिगाखाली लॅबचा मेसेज! म्हणजे रिपोर्ट रात्रभर उशाशी आणि मी त्याच्यासाठी देवाला जागं ठेवलेलं.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12, अगदी हेच. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात, इकडे घरात सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करतायत, आणि तो सुटून दारात येऊन ठोठावतोय. रुदा नावाची पोरगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि प्रार्थना करणारे तिलाच म्हणतात, तू वेडी आहेस! पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे. त्याच रात्री तोपण दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडात गाढ झोपला होता म्हणे, देवदूताला कुशीत मारून उठवावं लागलं. हे पुरुष सगळे सारखेच.

फाईलला पासवर्ड जन्मतारीख. घाबरून मी स्वतःचीच जन्मतारीख दोनदा चुकवली, तिसऱ्यांदा ह्यांनी टाकली. हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी सगळं नॉर्मल. मग मी जी हसायला लागले, डोळ्यातून पाणी, हे म्हणतात आता हिला कुठली टेस्ट लिहून देतील.

लगेच ग्रुपवर टाकलं, रिपोर्ट आला, सगळं ठीक आहे.

मिनिटभरात मावशींचा रिप्लाय, "येईल गं बाळा, येईल, विश्वास ठेव, आम्ही प्रार्थना करतोय."

त्याखाली अकरा आमेन.