मास्टरचं मीटर लाल होऊन चालत नाही

गणपती जवळ आले की गिरगावपासून भांडुपपर्यंत घरगुती स्टुडिओंत रीमिक्सची आणि बेंजोच्या ट्रॅकची कामं सुरू होतात. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला फिरू लागतो: रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आता 32-बिट फ्लोटवर (कमाल मर्यादेच्या वरचे आकडेही सांभाळणाऱ्या पद्धतीवर) चालतं, त्यामुळे क्लिपिंगची, म्हणजे मर्यादेबाहेरचा आवाज कापला जाण्याची, भीती जुनी झाली. मीटर लाल होऊ द्या, शेवटी मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या शेवटच्या चॅनलवर) लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा प्लगइन) टाका. मंडपात दणका हवा तर लाल हवंच. यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच आधाराने बाकीचं खपून जातं.

32-बिट फ्लोटमध्ये एखादा चॅनल मीटरवरच्या शून्याच्या वर गेला तरी आवाज कापला जात नाही, हे मान्य. पुढे फेडर (लेव्हल कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेतला की तो जसाच्या तसा मिळतो. पण ही सवलत सॉफ्टवेअरच्या आतच आहे. स्पीकरकडे जाणारा सिग्नल कन्व्हर्टरमधून (आकड्यांचा विद्युत सिग्नल करणाऱ्या भागातून) जातो, फाइल बहुतेक वेळा 16 किंवा 24-बिट वेव्हमध्ये काढली जाते, आणि तिथे 0 डीबीएफएसच्या (डिजिटल आवाजाच्या कमाल पातळीच्या) वरचा आकडाच लिहिता येत नाही. करून बघा. मास्टरचे पीक (आवाजाची सर्वात उंच टोकं) मुद्दाम +6 पर्यंत जाऊ द्या आणि तेच गाणं दोनदा एक्स्पोर्ट करा, एकदा 32-बिट फ्लोटमध्ये, एकदा 24-बिटमध्ये. दोन्ही फाइली परत आत घ्या, 6 डीबीने खाली आणा आणि ताशाचा एकच ठोका झूम करून पाहा. पहिल्या फाइलीत टोक शाबूत असेल. दुसरीत ते सपाट कापलेलं दिसेल, आणि कानाला तो ठोका करकरीत लागेल. तो आता कुठल्याच फेडरने परत येणार नाही.

रेकॉर्डिंगला तर फ्लोटचा आधार धरूच नका. आपल्याकडची बहुतेक साउंड कार्डं 24-बिटची आहेत. इनपुटलाच कापलं गेलं तर आतला फ्लोट तो कापलेला आवाजच इमानाने सांभाळतो. ताशावाला लेव्हल बघताना हात राखून वाजवतो आणि टेक सुरू झाला की जोरात मारतो, म्हणून पीक -12 च्या आसपास ठेवा. 24-बिटला कागदावर 144 डीबीची रेंज (सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर) आहे, वर सोडलेल्या 12 डीबीने काही बिघडत नाही. खोलीतल्या पंख्याचा आवाज त्याहून कितीतरी आधी आडवा येतो.

राहिला लिमिटर. तो 1-2 डीबी दाबतो तेव्हा कळतही नाही. 8-10 डीबी दाबायला लावलात तर हलगीची थाप बोथट होते आणि प्रत्येक ढोलाला गायकाचा आवाज खाली बसतो. मिक्स तयार करतानाच लेव्हल खाली ठेवा. त्यासाठी फक्त फेडर ओढू नका, तो साधारणपणे इन्सर्ट प्लगइनच्या (चॅनलवर लावलेल्या इफेक्टच्या) नंतर येतो, म्हणजे प्लगइनला लेव्हल मोठीच मिळते. क्लिप गेन (ट्रॅकवरच्या रेकॉर्डिंगची, प्लगइनच्या आधीची लेव्हल) कमी करा. अ‍ॅनालॉग यंत्रांची नक्कल करणारे बरेच प्लगइन -18 डीबीएफएसच्या आसपासच्या लेव्हलसाठी बनवलेले असतात, त्यांना कमी लेव्हल मानवते. लिमिटरचं सीलिंगही (वरची मर्यादा) -1 डीबी ट्रू पीक (डिजिटल नमुन्यांच्या मधली टोकंही धरून मोजलेलं पीक) ठेवा, कारण एमपी3 किंवा एएसी करताना पीक थोडे वर सरकतात.

आणि मोठ्या आवाजाचा हव्यास? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणं -14 एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणून वाजवतं, यूट्यूबही मोठं गाणं खाली ओढतं. तुम्ही ठोकून मोठं केलेलं तिथे उतरवलं जातं, शिल्लक राहते ती करकर. मंडपात असं आपोआप होत नाही, पण तिथे ऑपरेटरच्या हाताशी गेन आहे. क्लिप झालेल्या सिग्नलची सरासरी ताकद वाढते, वरच्या पट्टीतला मालही वाढतो, आणि त्या उष्णतेने आधी ट्विटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जळतात. ऑपरेटरला 24-बिट वेव्ह द्या, पीक -1 च्या आत असलेली. तिला मोठं करायला त्याचे अ‍ॅम्प्लिफायर आहेत.