१८६ विरुद्ध १ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

शरद जोशी यांच्यावरील माझ्या लेखावर आपण पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, पहिल्यांदा रागाने आणि उत्तर द्यायचे ठरवल्यावर जरा शांतपणे. ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी २००४ ते २०१० या काळात राज्यसभेचे सदस्य होते. ९ मार्च २०१० रोजी लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले, आणि विरोधातले ते एकुलते एक मत जोशींचे होते. चांदवडचे शेतकरी महिला अधिवेशन भरवणारा आणि शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करावी यासाठी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवणारा माणूस असे मत देतो, यात वरवर दिसते तेवढी विसंगती नाही, असे मी लिहिले होते. त्यावर आपण लिहिता : ‘१८६ विरुद्ध १. एवढा एक आकडा पुरेसा आहे. यापुढे त्यांच्या स्त्रीविषयक भूमिकेबद्दल लिहिण्यासारखे काही उरत नाही. पण भक्तिभावाने ओथंबलेल्या लेखकमहाशयांना ते कोणी सांगावे? पुरुषांना हे कळणारही नाही.’

आधी या शेवटच्या दोन वाक्यांविषयी. मी आद्याक्षरांनी लिहिते, त्यावरून आपण मला पुरुष ठरवलेत. मी बाई आहे. आपण महोदय की महोदया हे मला ठाऊक नसल्यामुळे मी मायना मोघम ठेवला, एवढी काळजी आपल्यालाही घेता आली असती. लेख पटला नाही असे सरळ सांगणाऱ्या वाचकांशी माझे कधीच भांडण नसते. पण लिहिणारा कोण आहे याचा तर्क बांधायचा, तो तर्क चुकीचा असताना त्याच्याच जोरावर लेख निकालात काढायचा, आणि वर भक्तिभावाचा शिक्का मारायचा, याला मी मतभेद म्हणत नाही. स्त्रियांच्या बाजूने बोलताना समोरच्या स्त्रीला ‘महाशय’ करून गप्प बसवणे आपल्या हातून घडले आहे, हे आपल्याच ध्यानात आणून द्यावेसे वाटते.

आपली एक दुरुस्ती मात्र मान्य आहे. चांदवडच्या अधिवेशनाचे साल मी १९८५ लिहिले होते. ते अधिवेशन ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी झाले. चूक माझी आहे आणि ती सुधारली आहे. ही चूक मला विशेष लागली, कारण त्या अधिवेशनाला मी आईचा पदर धरून गेले होते. ट्रकच्या हौद्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायका, प्रत्येकीच्या छातीवर संघटनेचा लाल बिल्ला आणि मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी, एवढे मला लख्ख आठवते. वय लहान असल्यामुळे सालाचा घोळ झाला.

आता त्या आकड्याकडे वळते. आपल्या प्रतिक्रियेतील हे एकच वाक्य मला खरोखर महत्त्वाचे वाटते, कारण लोकप्रतिनिधीचे मत कसे वाचायचे हा प्रश्न जोशींपुरता नाही. आपण असे गृहीत धरले आहे की विरोधात एक मत पडले म्हणजे विरोधक एकच होता. आदल्या दिवशी, म्हणजे ८ मार्चला, याच विधेयकाच्या प्रती सभागृहात फाडल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले आणि मार्शलांनी त्यांना बाहेर नेले. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला, तृणमूल काँग्रेसने मतदानात भाग घेतला नाही, आणि समाजवादी पक्ष व राष्ट्रीय जनता दल यांचा विरोध तर जगजाहीर होता. हे सगळे विरोधक आपल्या आकड्यात कुठे दिसतात? ज्यांनी प्रती फाडल्या ते नोंदीबाहेर राहिले आणि जो जागेवर बसून राहिला, मतविभागणीची वाट पाहून ‘नाही’ म्हणाला, तो इतिहासात एकटा विरोधक ठरला. नोंद खरी आहे, पण विरोध किती होता हे तिच्यावरून कळत नाही.

विधेयकाच्या बाजूने पडलेल्या १८६ मतांविषयीही तेच. आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात, त्यामुळे कोण कशाच्या बाजूने होते याची नावनिशीवार नोंदच राहत नाही. घटनादुरुस्तीचे तसे नसते. तिला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते, म्हणून मतविभागणी घ्यावी लागते आणि नावे नोंदली जातात. पण त्या नावांवर पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा आदेश, असतो. १९८५ सालच्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, आणि तेव्हापासून व्हिप मोडून मत देणारा किंवा मतदान टाळणारा सदस्य आपले सदस्यत्वच पणाला लावतो. मग त्या १८६ जणांपैकी किती जणांना मनापासून महिला आरक्षण हवे होते आणि किती जणांना फक्त जागा टिकवायची होती, हे आपण त्या आकड्यावरून सांगू शकता का? मला तरी सांगता येत नाही. जोशी राज्यसभेत आपल्या स्वतंत्र भारत पक्षाचे एकटेच सदस्य होते. त्यांना व्हिप काढणारे कोणी नव्हते, म्हणून ते मत चूक असो वा बरोबर, त्यांचे स्वतःचे होते. आणि ज्या पक्षांनी त्या दिवशी बाके वाजवली, त्यांनी पुढची चार वर्षे ते विधेयक लोकसभेत मतदानाला येऊ दिले नाही. २०१४ मध्ये पंधरावी लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झाले, म्हणजे आपोआप बाद झाले. विधेयक संमत करणे आणि ते बासनात गुंडाळणे या दोन्ही गोष्टी त्याच पक्षांनी केल्या, पण दुसऱ्या गोष्टीसाठी मतविभागणी होत नसल्यामुळे तिचा दोष कोणाच्याच नावावर लागला नाही.

जोशींचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीला होता, विशेषतः मतदारसंघ फिरते ठेवण्याला. एक तृतीयांश जागा राखीव, आणि पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या एक तृतीयांश. म्हणजे दर निवडणुकीला एक तृतीयांश जागांचे आरक्षण उठणार आणि तेवढ्याच दुसऱ्या जागांवर ते पडणार. दोन तृतीयांश मतदारसंघांत आज निवडून आलेल्या सदस्याला, बाई असो वा पुरुष, पुढच्या वेळी हाच मतदारसंघ आपल्याला मिळेल का याचा भरवसा उरणार नाही. आपण म्हणाल की ही तांत्रिक बाब झाली. कोणती जागा राखीव होणार हे ठरवणाऱ्या सोडतीची ज्यांनी कधी वाट पाहिली नाही त्यांना ती तांत्रिक वाटते.

माझी आई नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत महिला राखीव प्रभागातून निवडून आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर नळाचे पाणी न्यायचे, हे एकच काम तिने धरले होते. त्यासाठी तिने किती खेटे घातले हे मी मोजलेले नाही, पण कागद हलून पाईप गावात येऊन पडले तेव्हा तिची मुदत संपत आली होती. पुढच्या सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलले. ज्या लोकांनी तिला ‘तुम्हीच उभ्या राहा’ असा आग्रह केला होता, त्यांनीच आता जागा खुली झाल्यावर बाईला कशाला त्रास द्यायचा, असे म्हणायला सुरुवात केली. नव्या सदस्याला त्या कामात गम्य नव्हते. ते पाईप दोन वर्षे देवळामागे पडून होते आणि उन्हाने त्यांचा रंग उडाला होता. सुट्टीत घरी गेले की आई मला मुद्दाम त्या वाटेने न्यायची. फिरत्या आरक्षणाबद्दल मला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आपण ‘थोडे वाचून लिहावे’ असा सल्लाही दिला आहे, म्हणून हे सांगावे लागले.

आणखी एक गोष्ट. २०२३ मध्ये हाच विषय पुन्हा आला तेव्हा, ‘जोशी असते तर तेव्हाही विरोधातच बसले असते’, असे आपण लिहिता. सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध ० अशी मते पडली. लोकसभेतल्या त्या दोन मतांपैकी एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते, आणि त्यांच्या पक्षाची तक्रार इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम स्त्रियांसाठी स्वतंत्र वाटा नाही, अशी होती. म्हणजे ‘विरोधात’ या एकाच रकान्यात २०१० मध्ये एक कारण बसले होते आणि २०२३ मध्ये अगदी निराळे. रकाना पाहून भूमिका ठरवायची तर आपण या तिघांना एका माळेत ओवणार. शिवाय २०२३ च्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला न फिरता मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरतील, अशी तरतूद आहे. हा बदल जोशींमुळे झाला असे मी म्हणत नाही, पण ज्या गोष्टीला ते नाही म्हणाले होते ती पुढच्या मसुद्यात तशीच राहिली नाही, एवढे तरी आपण पाहायला हवे होते.

लक्ष्मीमुक्तीविषयी आपण लिहिता की जमिनी फक्त कागदावर बायकांच्या नावे झाल्या, ताबा नवऱ्यांकडेच राहिला. पुष्कळ घरांत तसे झाले असेल. किती बायकांच्या नावे जमीन झाली याचा जो आकडा मी दिला होता तो संघटनेच्या कार्यकर्त्यांकडून ऐकलेला होता, तसे स्पष्ट म्हणायला हवे होते, आणि म्हणून तो मी काढून टाकला आहे. पण ‘फक्त कागदावर’ हे शब्द आपण फार सहज लिहिलेत. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. जिवंत नवऱ्याच्या जमिनीत बायकोचे नाव लावा, असे मात्र यांपैकी कोणताच कायदा सांगत नाही. ते काम लक्ष्मीमुक्तीने, कायद्याची वाट न पाहता, नवऱ्यांच्याच हातून करून घेतले, आणि ज्या गावात शंभर जणांनी ते केले त्या गावाचा जाहीर गौरव झाला.

आमच्या घरी दीड एकराचा फेरफार आईच्या नावे झाला. तो सातबारा तिने ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली ठेवला होता आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. काही वर्षांनी चुलत्यांच्या कर्जापायी तीच जमीन गहाण टाकायची, असे वडिलांनी ठरवले. संघटनेचा बिल्ला लावणारे, तिच्या नावे जमीन करताना गावात मिरवलेले माझे वडील त्या रात्री तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवून बसले होते. तिने कंदिलाची वात खाली केली आणि ‘सही होणार नाही’ एवढेच म्हणाली. जमीन आजही तिच्या नावे आहे. एका घरावरून महाराष्ट्र सिद्ध होत नाही, हे आपण लिहिण्याआधीच लिहून ठेवते. पण कागदाला किंमत नसते, हे तिच्यासमोर बसून सांगण्याची आपली तयारी असेल तर पत्ता कळवीन.

डंकेल प्रस्ताव (जागतिक व्यापार कराराचा मसुदा), खुला बाजार आणि त्याचे शेतकरी स्त्रियांवर झालेले परिणाम यांबद्दल आपण बरेच लिहिले आहे. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यात शिरत नाही.

राहता राहिली एक गोष्ट, जी आपण विचारली नाही आणि विचारायला हवी होती. जोशींचे ते मत माझ्या आईलाही पटले नव्हते. बातमी आली त्या संध्याकाळी तिने फोन करून मला विचारले होते, ‘पटत नव्हतं तर गप्प बसायचं होतं, विरोधात कशाला गेले?’ चांदवडला गेलेली, सातबाऱ्यावर नाव लागलेली, सोडतीने प्रभाग गमावलेली बाई हे विचारत होती, त्यामुळे तिच्यापुढे मला आपल्याशी बोलते तसे बोलता येईना. तटस्थ राहिले असते तर नोंद १८६ विरुद्ध ० अशी झाली असती, आणि या पद्धतीला कोणाचा आक्षेप होता याची एका ओळीचीही खूण त्या मतांत उरली नसती, असे मी तिला सांगितले. तिला ते पुरेसे वाटले नाही. ती म्हणाली की आमच्यासारख्या बायका तो आकडा वाचणार, भाषण कोण वाचणार? हा आक्षेप मी आजही पूर्ण खोडू शकत नाही. आपल्या प्रतिक्रियेत तो असता तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिले असते.

लेखाचे शीर्षक आणि निष्कर्ष मी बदलणार नाही. चांदवडचे साल मी दुरुस्त केले आहे, ‘लेखकमहाशय’ आपण करावे.