निवड समितीच्या नव्या सदस्यास

शिष्यवृत्ती, स्पर्धा, प्रवेश किंवा प्रशिक्षण यांपैकी कशासाठी तरी उमेदवार निवडणाऱ्या समितीवर आपली नेमणूक झाली असेल, तर प्रथम अभिनंदन. न्याय करणे कष्टाचे असते. तो झाल्याचे इतिवृत्तात लिहिणे तेवढे कष्टाचे नसते, आणि पुढे कोणी वाचलेच तर इतिवृत्तच वाचतो.

उमेदवारांत आपला भाचा आहे म्हणून समितीतून अंग काढून घेण्याचा भाबडेपणा करू नका. जम्मू-काश्मीरमध्ये १९६६ साली भारतीय वन सेवेसाठी निवड करणाऱ्या मंडळावर राज्याचे प्रभारी मुख्य वनसंरक्षक बसले होते, आणि ते स्वतःच एक उमेदवार होते. स्वतःच्या नावाचा विचार होत असताना ते सभ्यपणे बाजूला झाले. प्रतिस्पर्ध्यांची नावे आली आणि गुणानुक्रम लावायची वेळ आली, तेव्हा मात्र ते कर्तव्यबुद्धीने आपल्या जागी हजर होते. यादीत त्यांचे नाव सर्वांत वर लागले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ही निवड रद्द केली हे खरे, परंतु भाच्याच्या वेळी पाच मिनिटे बाहेर जाऊन चहा घेण्याची आपली प्रथा त्यामुळे बंद पडल्याचे ऐकिवात नाही.

सर्वाधिक लक्ष मुलाखतीकडे द्यावे, कारण लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका मागे उरते आणि मुलाखतीत फक्त आपले मत उरते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत लेखीचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ गुण असतात, आणि मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराचे लेखी गुण कळू दिले जात नाहीत. असा आंधळेपणा आपल्याला परवडणार नाही. लेखी गुणच ठाऊक नसतील, तर आपल्या माणसाला वर आणण्यास नेमके किती गुण कमी पडतात हे कसे कळावे? यासाठीच गुणपत्रक आधी पेन्सिलीने भरतात. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने १९७९च्या प्रवेशांसाठी लेखीला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. दोन-तीन मिनिटांच्या त्या मुलाखतीत वडील कोण आणि राहता कुठे, असेच विचारले गेल्याची विद्यार्थ्यांची तक्रार होती. अशा प्रवेशात मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानी ठरेल, असे न्यायालयाने म्हटले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करण्याचीही सूचना केली. आपले यंत्र त्या दिवशी नादुरुस्त असेल. प्रश्नांचे म्हणाल, तर वडिलांची चौकशी आता असभ्य दिसते. त्याऐवजी ‘आडनावावरून आपण मूळचे कुठले?’ असे आपुलकीने विचारावे.

निकष जाहिरातीत देण्याची घाई नको. आधी उमेदवार पाहावेत, मग त्यांतल्या एकाच्या मापाचा निकष शिवावा. आंध्र प्रदेशात जिल्हा न्यायाधीशांच्या भरतीत मुलाखती उरकल्यावर मुलाखतीत किमान गुण मिळवण्याची अट घालण्यात आली, आणि खेळ संपल्यावर नियम बदलता येत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. तेव्हा नियम बदलूच नका. ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व’ हा शब्द सुरुवातीपासूनच घालून ठेवा, म्हणजे बदलण्यासारखे काही राहणार नाही.

एवढे करूनही एखादा उमेदवार न्यायालयात गेलाच, तर काळ आपल्या बाजूने असतो. श्रीनगरच्या प्रकरणात निकाल लागेपर्यंत सुमारे दीड वर्ष उलटले होते, आणि वर्गात बसलेल्या मुलांना उठवणे न्यायालयाला उचित वाटले नाही. म्हणून यादी शुक्रवारी संध्याकाळी लावावी, प्रवेशाची मुदत सोमवारी दुपारी संपवावी, आणि गुणपत्रकाची प्रत मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज आलाच, तर कायद्याने दिलेले ३० दिवस पुरेपूर वापरून तिसाव्या दिवशी अर्जदाराला कळवावे की पेन्सिलीचे लिखाण अस्पष्ट असल्याने प्रत निघत नाही.