गोळे तिचे, भांडी माझी

आमच्या घरात नियम एकच: जो रांधतो तो घासत नाही. बायको रांधते, मी घासतो. वरणभाताच्या दिवशी या नियमाचा मला अभिमान असतो. पण रविवारी सकाळी ‘अहो, आज खिम्याचे गोळे करते’ असं कानावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो, साधारण त्याच आकाराचा.

तसं सामान काही फार नाही. अर्धा किलो खिमा, दुधात भिजवलेला पाव, अंडं, आलं-लसूण, कोथिंबीर आणि लासलगावचा कांदा, किसून घट्ट पिळलेला. पण हिच्या राज्यात प्रत्येकाला स्वतंत्र भांडं. पावाला वाडगा, अंड्याला वाटी, कांद्याच्या पाण्यालासुद्धा वाटी. ‘टाकू नका, रश्शात घालीन.’ घालत नाही.

खिमा कालवायला घेतला की हात मनगटापर्यंत बरबटतात आणि नेमकं तेव्हाच मीठ आठवतं. ‘अहो, बरणी!’ मी पोचेपर्यंत फ्रीज कोपरानं, मसाल्याचा डबा करंगळीनं उघडलेला असतो, आणि तेवढ्यात माहेरचा फोन आलाच तर तो नाकानं उचललेला असतो. मग मी साबणाचं फडकं घेऊन नळापासून दिव्याच्या बटणापर्यंत माग काढत फिरतो. कच्च्या मांसाच्या बाबतीत मी चेष्टा करत नाही. गोळा मधोमध 71 अंशांपर्यंत शिजला का, हे थर्मामीटर खुपसून बघतो. आईला वाटतं, गोळ्याला ताप आलाय.

खरी गंमत थंडीत. निफाडचा पारा घसरला की इकडे नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या सिंकचीही बोबडी वळते. मटणाची चरबी गरम पाण्याबरोबर गुमान खाली उतरते आणि पुढे पाइपच्या वळणावर गार होऊन बसकण मारते. प्लंबरनं पाइप उघडला तेव्हा आतून मेणबत्तीसारखी पांढरी कांडी निघाली. तेव्हापासून कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसायची, तो कागद कचऱ्यात, पाणी नंतर. (अग्रलेखाचं पान तेल उत्तम टिपतं.) आणि कालवलेल्या पातेल्यात गरम पाणी अजिबात ओतायचं नाही. अंडं-खिमा तिथल्या तिथे शिजून भांड्याला धरतो, मग घासणी झिजते, डाग नाही. आधी गार पाणी.

तळण काढलं की शिंतोडे पार खिडकीच्या जाळीपर्यंत. म्हणून मी ओव्हनचा हट्ट धरला. ट्रेला फॉइल, 200 अंश, वीसेक मिनिटं, आणि शेवटी फॉइल गुंडाळून फेकायची. ‘तळल्याची चव नाही,’ ती म्हणते. नाहीच. पण टाइल्सच्या सांध्यांतलं तेल जुन्या टूथब्रशनं कोण काढतं, हे ती म्हणत नाही.

भांडी मावशींवर ढकलायची सोय नाही. वशाट भांड्याला हात लावणार नाही, हे त्यांनी कामाला लागतानाच बजावलंय. परवा संध्याकाळी आल्या, झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, ‘ताई, चार गोळे डब्यात घाला.’

मी म्हटलं, ‘मावशी, तुम्हाला तर वशाट चालत नाही ना?’

‘घासत नाही म्हणलं व्हतं, दादा. खात नाही असं कवा म्हणले?’