गोळी झाड की बे!

सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून वाचनालयातून रहस्यकथा आणाव्यात, तर दरवेळी तीच रड! शेवटी खुनी पिस्तूल रोखून उभा राहतो अन् बालपणापासूनची सगळी कर्मकहाणी सांगत बसतो. अरे, गोळी झाड की बे! त्यात 'दिवाणजी' या नावाखाली कुणीतरी आधीच पेन्सिलीनं दोन रेघा मारलेल्या, शेजारी शेंगाचटणीचा तेलकट अंगठा. झालं, संपलं रहस्य.

त्यापेक्षा रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तीचं आत्मचरित्र बघा. १९२६ च्या डिसेंबरात बाई ११ दिवस बेपत्ता होती, सगळं इंग्लंड तिला शोधत होतं. आणि १९७७ साली आलेल्या त्या जाडजूड पुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नाही! वैताग आला, पण मानलं बाईला. आमचे खुनी मात्र कुणी विचारायच्या आत पोपटासारखे बोलायला लागतात.